भोंगा, बेंजो, डिझेल : गाण्याचा सूर ठरवतं कोण?

तीनफेज (धागाकर्ता)
मंडळी, गाण्यांची चव कशी बदलली यावर इथं बरेच धागे निघालेत. संगीतकार, सिनेमा, कॅसेट, टीव्ही, सगळ्यांची नावं येतात. गाणं वाजवायला ऊर्जा कुठून आली, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं असं : गर्दीपर्यंत गाणं पोचवायला जी ऊर्जा हाताशी असते, तिला झेपेल तोच सूर लोकप्रिय होतो. आपल्याकडची मिरवणूकच घ्या. छातीची आणि मनगटाची ताकद होती तोवर उंच पट्टीचा आवाज, सनई, हलगी, ताशा. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी आली आणि भोंगा-बेंजोचं, म्हणजे मधल्या सप्तकाचं राज्य सुरू झालं. डिझेल जनरेटर ट्रकवर चढला आणि ४०-५० हर्ट्झचा खर्ज आला, बरगड्या हलवणारा. आता लिथियम आलंय. पुढं काय?

पटलं तर आकडे द्या. नाही पटलं तर जास्त आकडे द्या.

अर्धवट_शहाणा
या हिशोबानं लोडशेडिंगच्या काळात महाराष्ट्रात मौनव्रत लोकप्रिय व्हायला हवं होतं.

भोंगेवाला
बॅटरी-भोंग्याचं गणित मांडतो, म्हणजे पुढची चर्चा हवेत जाणार नाही.

१२ व्होल्टवरून थेट ४ ओहमचा स्पीकर चालवला तर ब्रिज जोडणीतही जास्तीत जास्त १८ वॅट निघतात (१२ चा वर्ग भागिले ८). म्हणून बॅटरीवरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आउटपुटला ट्रान्सफॉर्मर असतो. तो व्होल्टेज वाढवून ७० किंवा १०० व्होल्टची लाइन देतो आणि ५०-६० वॅट मिळतात. मात्र तो आवाजाची दोन्ही टोकं कापतो, विशेषतः खालचं.

उरलेलं काम भोंगा करतो. घरातला साधा स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८८-९० डेसिबल देतो, भोंगा १०५ ते ११०. फरक २० डेसिबलचा धरला तर तो शंभरपट ऊर्जेचा झाला. ५० वॅटचा भोंगा आपल्या पट्ट्यात ५००० वॅटच्या घरगुती स्पीकरांना भारी पडतो. पण फक्त आपल्या पट्ट्यात! तोंडाच्या घेरामुळे तो साधारण ३०० हर्ट्झच्या खाली काम करत नाही. त्याखालचा आवाज पाठवला तर डायफ्रामला हवेचा आधार मिळत नाही, तो मोकळा हेलकावतो आणि फाटतो. 'युनिट (भोंग्यामागचा आवाज काढणारा भाग) जळालं' म्हणून येतात त्यातली बरीच युनिटं जळालेली नसतात, खर्जानं फाटलेली असतात. अ‍ॅम्प्लिफायरचं लो-कट बटण त्यासाठीच आहे, ते दाबा.

बेंजो नेमका इथं बसतो. मूळ वाद्य जपानी, नागोयातलं १९१२ चं ताइशोगोतो. आपल्याकडं त्याचं बुलबुलतरंग झालं आणि पिकअप लावल्यावर 'बेंजो'. त्याचा सगळा जीव मधल्या सप्तकात. भोंग्यातून सतारीची जवारी मरते, तबल्याचा बायाँ मरतो, बेंजो मात्र जसाच्या तसा पलीकडच्या गल्लीत पोचतो. ४० अँपिअर-तासाची बॅटरी, सरासरी ओढ ४ अँपिअर, निम्मी संपेपर्यंत ५ तास. हातगाडीवरची मिरवणूक बरोबर तेवढी चालते. तेव्हा या टप्प्यापुरता धागाकर्त्याशी सहमत.

हलगी_कडाडली
प्रतिसाद आवडला. पण 'मनगटाची ताकद' म्हणून धागाकर्त्यानं जुना काळ एका ओळीत गुंडाळला. त्या काळातही बाहेरची ऊर्जा होतीच : आग.

हलगीचं कातडं हवेतला ओलावा पितं आणि सैल पडतं. मग कडबा, कागद, पाचट पेटवून त्यावर शेकावं लागतं. कडं ज्वाळेपासून वीतभर वर धरायचं, सतत फिरवायचं, मधूनमधून बोटानं वाजवून बघायचं. आवाज 'टण्' असा कोरडा आला की थांबायचं. जास्त शेकलं तर कातडं कड्याजवळ तडकतं, आणि तडकलेलं पान शिवता येत नाही. दमट हवेत हे शेकणं दर अर्ध्या-पाऊण तासानं. म्हणजे वाजवण्याचे तुकडेच त्या हिशोबानं पडायचे.

आता हलगी आणि ढोल-ताशाला प्लास्टिकचं पान आलं. ते भर पावसात वाजतं. पाऊस गणपतीत ठरलेला, त्यामुळे तासन्‌तास न थांबता वाजणारं पथक ही मुळात खनिज तेलातून आलेल्या पानाची करामत आहे. हात माणसाचे असले तरी.

झीलकरी
हलगीबरोबर आमचंही नाव घ्या. पोवाड्यात आणि तमाशात मागं उभे राहणारे झीलकरी, सुरते, हाच त्या काळचा अ‍ॅम्प्लिफायर. शाहिरानं ओळीचा शेवटचा सूर सोडला की झीलकरी तोच सूर धरून 'जी जी रं जी' उचलतात. दोन कामं होतात : सूर मागच्या रांगेपर्यंत जातो आणि शाहिराला दम घ्यायला चार मात्रा मिळतात. तुणतुण्याची तार त्याच सुरात सारखी वाजत राहते, म्हणजे पट्टी ढळत नाही.

तेव्हा फडावर बाहेरची ऊर्जा होती ती रॉकेलची, गॅसबत्तीत. लिटरभर रॉकेलवर मोठी बत्ती रात्र काढायची, मधूनमधून पंप मारून. पण तिच्यातून उजेड मिळायचा, आवाज नाही. आवाजाचं सगळं ओझं फुप्फुसांवर. माइक आला, झीलकऱ्यांचं काम निम्मं झालं. 'जी जी' राहिलं ते सवय म्हणून.

चावीचा_बाजा
तबकडीवर कुणीच बोललं नाही? तीन मिनिटांचं गाणं ही ऊर्जेचीच देणगी. ग्रामोफोनची चावी दिलेली स्प्रिंग तीन-साडेतीन मिनिटं टिकायची, म्हणून गाणं तेवढंच. नाट्यसंगीतातली पंधरा मिनिटांची पदं त्यात कोंबली गेली.

सुईबदलू
@चावीचा_बाजा, दुसरा भाग बरोबर, पहिला चूक. स्प्रिंगमुळे मर्यादा आली नाही, चरामुळे आली. १० इंची तबकडीवर कड आणि मधलं लेबल सोडून साधारण पावणेतीन-तीन इंच रुंदी उरते. इंचाला ९०-१०० चर म्हणजे सगळे मिळून अडीचशे ते तीनशे फेरे. मिनिटाला ७८ फेरे धरा, तीन ते पावणेचार मिनिटं. स्प्रिंग त्या मापाची बनवली. दोन स्प्रिंगांच्या मोटरवर एका चावीत दोन बाजू वाजतात, पण म्हणून गाणं लांबलं नाही.

ऊर्जा शोधायची तर रेकॉर्डिंगच्या बाजूला शोधा. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात गायिका गौहर जानचं गाणं टिपायला बसला, तेव्हा मेणाची तबकडी फिरवणारं यंत्र खाली उतरणाऱ्या वजनावर चालायचं. भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळासारखं. आणि चर कापणारी ऊर्जा थेट गाणाऱ्याच्या घशातून. कर्णा, पडदा, सुई, मेण, मध्ये वीज कुठंच नाही. म्हणून खणखणीत आवाजाचे गायक त्या तबकड्यांवर चांगले उतरले आणि हळुवार गाणारे हरवले. १९२५ नंतर माइक आणि व्हॉल्व्हचं रेकॉर्डिंग आलं तेव्हा कुजबुजीलाही चर कापता आला. धागाकर्त्याच्या मुद्द्याला खरा पुरावा हा.

अवांतर : ७८ हा आकडासुद्धा पुढं विजेनंच पक्का केला. ६० हर्ट्झवर ३६०० फेऱ्यांची मोटर आणि ४६:१ चा गिअर, म्हणजे ७८.२६. ५० हर्ट्झच्या देशांत ३००० फेऱ्यांवर ७७:२, म्हणजे ७७.९२. त्यामुळे अमेरिकेत आणि आपल्याकडं 'अठ्ठ्याहत्तर' थोडं वेगळं फिरायचं.

चावीचा_बाजा
मान्य, चावी परत घेतो. पण तबकडीचा माल तरी ऊर्जेशी बांधलेला आहे की नाही? लाखेच्या तबकड्या, लाख आपल्या पळस-कुसुम-बोरीवरच्या किड्यांची. १९४२ मध्ये महायुद्धामुळे अमेरिकेनं तबकड्यांना मिळणारी लाख ७० टक्क्यांनी कापली. १९४८ मध्ये एलपी आली ती पीव्हीसीची. १९७३ चं तेलसंकट आलं तशी पीव्हीसीची टंचाई झाली. आधी किडा, मग तेलाची विहीर.

अर्धवट_शहाणा
म्हणजे गाण्याचा किडा हा शब्दप्रयोग अगदी शास्त्रशुद्ध आहे.

कोमल_गंधार
७८ च्या मोटरवरून आठवलं. विजेनं सूर 'ठरवण्याचं' याहून शब्दशः उदाहरण म्हणजे १९३५ चा हॅमंड ऑर्गन. त्यात दातेरी चकत्या चुंबकासमोर फिरतात आणि त्या फिरवणारी मोटर विजेच्या वारंवारतेशी बांधलेली असते. ट्यूनिंगचा खिट्टा नाहीच. वीजकेंद्र जी पट्टी देईल ती आपली.

५० चं ४९ हर्ट्झ झालं की सगळा ऑर्गन ३५ सेंट उतरतो, म्हणजे एका पट्टीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. यांत्रिक गव्हर्नर (इंजिनाचा वेग राखणारा भाग) असलेला जनरेटर बिनभाराचा ५२ हर्ट्झ देतो. त्यावर ऑर्गन ६८ सेंट चढतो आणि सोबत बासरी असेल तर बासरीवाल्याची पंचाईत. सगळ्यात मजा ६० हर्ट्झचा अमेरिकन ऑर्गन ५० वर लावला तर. गुणोत्तर ६:५, म्हणजे गणितातला अगदी शुद्ध कोमल गंधार. तुम्ही कोमल गंधार दाबा, षड्ज ऐकू येतो.

आपल्याकडं ग्रिडची वारंवारता पूर्वी बरीच हेलकावायची. आता ती ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायची असते. हल्लीच्या कीबोर्डमध्ये क्वार्ट्झ स्फटिक असतो, त्याला ग्रिडशी देणंघेणं नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचंही तसंच, पण त्याची बॅटरी संपत आली की काही मॉडेलं सूर सोडतात. कार्यक्रमाआधी मीटर लावून बघावं.

डॉल्बीतज्ज्ञ
आता डिझेलकडं. आधी एक खुलासा : आपल्याकडं स्पीकरच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात, त्याचा त्या कंपनीशी काही संबंध नाही. नाव पडलं ते पडलं.

मध्यम सेटअप : १८ इंची १६ बेस, प्रत्येकी १००० वॅट, वर ६ किलोवॅटचे टॉप, म्हणजे वरच्या सुरांचे स्पीकर. कागदावर २२ किलोवॅट. साध्या गाण्याला सरासरी ओढ याच्या आठव्या हिश्श्याची असते. डीजेचे ट्रॅक दाबून सपाट केलेले असतात, त्यांना तिसरा हिस्सा धरा, साधारण ७ किलोवॅट. अ‍ॅम्प्लिफायरची कार्यक्षमता ८० टक्के, म्हणजे ९. वर डझनभर शार्पी (फिरत्या झोताचे) लाइट, ४ किलोवॅट. एकूण १३.

मग ६२.५ केव्हीए, म्हणजे ५० किलोवॅटचा जनरेटर कशाला? कारण बेस धक्क्यानं वीज ओढतो, सेकंदाला दोनदा. इंजिनाचा गव्हर्नर आणि व्होल्टेज रेग्युलेटर तेवढ्या वेगानं सावरत नाहीत. लहान मशीनवर प्रत्येक ठोक्याला व्होल्टेज बसतं, लाइट मिचमिचतात आणि ठोकाच बोथट होतो. उलट मशीन फार मोठं घेतलं आणि भार ३० टक्क्यांच्या खाली राहिला तर डिझेल अर्धवट जळतं, सायलेन्सरमधून काळं तेलकट पाणी गळतं, इंजेक्टर चोंदतात. १३ किलोवॅटला ४० केव्हीए पुरतं. ६२.५ घेतलंच तर रिकामं पळवू नका.

आणखी एक हिशोब. लिटरभर डिझेलात साधारण १० युनिट उष्णता. त्यातून वीज ३ युनिट. अ‍ॅम्प्लिफायरमधून २.४. बेस स्पीकर त्यातली ३-४ टक्केच हवेत आवाज म्हणून सोडतो. शंभर रुपयाचं डिझेल जाळलं तर रुपयाचा आवाज. बाकीचं शेजाऱ्यांना धूर म्हणून.

बिघाडांमध्ये सगळ्यात महाग म्हणजे ढिला न्यूट्रल. थ्री-फेजवर न्यूट्रल सुटला की कमी भाराच्या फेजवर २३० ऐवजी ३५०-४०० व्होल्ट येतात आणि अ‍ॅम्प्लिफायरचे कपॅसिटर फटाक्यासारखे उडतात. नियम साधा : जोडताना न्यूट्रल आधी, काढताना न्यूट्रल शेवटी. सेट चालू करण्याआधी तिन्ही फेज न्यूट्रलशी मोजा, २३० च्या आसपास हवेत, आपसांत ४००. ट्रक टायरवर उभा असतो, त्याला आपोआप अर्थिंग मिळत नाही. थांब्यावर सळई ठोका आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) लावाच.

फ्यूज_उडाला
@डॉल्बीतज्ज्ञ, एक भर. 'हम' येतो म्हणून प्लगची अर्थची पिन कापणारे महाभाग अजून आहेत. हम दोन ठिकाणच्या अर्थमधल्या फेऱ्यामुळे येतो. मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावरून घ्या, तरी राहिला तर सिग्नलच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. पिन कापली की हम जातो, आणि एखाद्या पावसाळी रात्री गायकही जातो.

आणि भिंतीची उंची. वर ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची तार असेल तर स्पर्श व्हायचीही गरज नसते.

नियमबाई
सगळे आकडे पोचले, पण मुळातला दावाच मला मान्य नाही. डिझेल होतं म्हणून खर्ज लोकप्रिय झाला, की कुणी अडवत नव्हतं म्हणून? ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद, वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आसपासच्या पातळीपेक्षा १० वर किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते.

वरच्या भिंतीजवळ १ मीटरवर १३० धरू, हे कमीच झालं. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतात. ७५ वर यायला मोकळ्या मैदानात साडेपाचशे मीटर लागतात, पेठेतल्या गल्लीत भिंतींमुळे आणखी. म्हणजे नियम पाळला तर हे संगीत अस्तित्वातच येऊ शकत नाही. ऊर्जेनं शक्यता दिली. लोकप्रिय केलं ते दुर्लक्षानं आणि वर्गणीनं.

तीनफेज
@नियमबाई, 'शक्यता' हा शब्द मला मान्य आहे. पण शक्यताच नसती तर दुर्लक्ष कशाकडं केलं असतं?

नियमबाई
मग शीर्षकात 'ठरवतं' कशाला लिहिलंत?

अर्धवट_शहाणा
पॉपकॉर्न १२ व्होल्टवर होतात का?

मिक्सिंग_खोली
लिथियमच्या मुद्द्याकडं येतो, कारण तिथं धागाकर्त्याचं गणित उलटं फिरतं. खर्जाला ऊर्जा लागते ती हवा मोकळी असेल तेव्हा. इअरफोन कानात घट्ट बसला की पडद्याला जेमतेम एक-दोन घनसेंटिमीटर हवा हलवायची असते, आणि ४० हर्ट्झ काही मिलिवॅटमध्ये मिळतो. ट्रकवर कित्येक किलोवॅट घेणारा खर्ज इथं जवळजवळ फुकट. म्हणून आज लोकलच्या डब्यात जितका खर्ज ऐकला जातो तितका कुठल्याच मिरवणुकीत ऐकला गेला नसेल.

पण तेच गाणं लोक मोबाइलच्या स्पीकरवरही लावतात, आणि तो ४००-५०० हर्ट्झच्या खाली काही देत नाही. दोन्हीकडं चालावं म्हणून बेसवर मुद्दाम विकृती चढवतात. ५० हर्ट्झच्या सुराला १००, १५०, २००, असे चढत चारशे-पाचशेच्या पुढचे पूरक स्वर जोडले जातात आणि मूळ स्वर वाजत नसतानाही कान तो भरून घेतो. कृती : बेसचा ट्रॅक दुहेरी करा, दुसऱ्यावर १५० च्या खालचं कापा, सॅच्युरेशन (हीच विकृती) द्या, मूळच्या १० डेसिबल खाली मिसळा, आणि फोनवर ऐकूनच थांबा. जास्त झालं तर गायकाच्या आवाजाखाली भुंगा बसतो. आजच्या बेसला जो खरखरीत रंग आहे तो थोडा तरी या छोट्या बॅटरीच्या छोट्या स्पीकरमुळे आहे.

देवळातला_माइक
वाचनमात्र होतो, एक व्यवहारी प्रश्न. देवळात तीन तासांचं भजन, पेटी, पखवाज, दोन माइक, १० इंची दोन पॉवर्ड (आतच अॅम्प्लिफायर असलेले) स्पीकर. वीज भरवशाची नाही आणि जनरेटरच्या घरघरीत अभंग नको. बॅटरी किती घ्यावी?

भोंगेवाला
@देवळातला_माइक, स्पीकर सरासरी ४० वॅटचे दोन, मिक्सर १५, इन्व्हर्टरची स्वतःची भूक १५. एकूण ११० धरा, इन्व्हर्टरची तूट मिळवून १३०. तीन तासांना ३९० वॅट-तास. १२.८ व्होल्ट, ५० अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी ६४० देते, पुरते. शिसाची घेतलीत तर निम्मीच वापरायची असते, म्हणजे ७० अँपिअर-तासाची घ्या आणि उचलायला दोन माणसं.

इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच, ६०० वॅटचा. स्वस्तातला चौकोनी लाटेचा घेतला तर स्पीकरमधून सतत भिरभिर येते आणि ती कुठल्याही ट्रान्सफॉर्मरनं जात नाही. बॅटरीच्या धन टोकाजवळ ६० अँपिअरचा फ्यूज, १६ चौरस मिलिमीटरची वायर, लांबी मीटरभराच्या आत. छतावर ३३० वॅटचं एक पॅनेल आणि एमपीपीटी चार्जर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) असेल तर ऊन चांगलं असताना अर्ध्या दिवसात भरून निघते.

डॉल्बीतज्ज्ञ
तोच हिशोब माझ्या ट्रकला लावतो. १३ किलोवॅट, ८ तास, १०४ युनिट. ५१.२ व्होल्ट, ३०० अँपिअर-तासाचा पॅक १५ युनिटचा आणि वजनाला सव्वाशे-दीडशे किलो. असे सात पॅक, म्हणजे टनभर. ट्रक उचलेल, पण मंडळाची वर्गणी उचलणार नाही. तमाशाच्या फडाचं मात्र जमू शकतं : लाइट आणि साउंड मिळून ४ किलोवॅट, ५ तास, २० युनिट, दोन पॅक. फायदा डिझेलच्या पैशांपेक्षा मोठा म्हणजे तंबूमागची घरघर जाईल. आज ढोलकीचा तोडा त्या घरघरीच्या वर काढण्यासाठीच माइक वाढवावा लागतो.

कोमल_गंधार
२०२२ पासूनच्या कोल्डप्लेच्या दौऱ्यात मोटारीच्या बॅटऱ्या आणि नाचून वीज करणारी फरशी होती. तोच दौरा जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईला आला होता. फरशीचं फार मनावर घेऊ नका. पावलामागे चार-पाच ज्यूल, सेकंदाला दोन पावलं, माणसी १० वॅट. शंभर वारकरी पावली खेळले तर १ किलोवॅट.

झीलकरी
शंभर वारकरी पावली खेळत असतील तर तुमचा १ किलोवॅट हवाय कुणाला? टाळच शंभर जोड्या होतात की.

हलगी_कडाडली
@झीलकरी +१

तीनफेज
@नियमबाई, संपादनाची मुदत संपली, शीर्षक बदलता येत नाही. 'ठरवतं'च्या जागी 'आखून देतं' असं वाचावं. मिरवणुकीपुरता माझा मुद्दा टिकतोय, इअरफोनच्या बाबतीत @मिक्सिंग_खोली यांनी पाडला. तबकडीचा पुरावा मात्र सगळ्यात पक्का निघाला आणि तो मला माहीतच नव्हता.

एक शंका राहिली. भोंगेवाले, लिथियमवर ट्रॉली स्पीकर इतके स्वस्त झाले तरी बेंजोवाले अजून भोंगाच का लावतात?

भोंगेवाला
ट्रॉली स्पीकर पावसात भिजला की संपला. भोंगा उलटा धरला की पाणी निघून जातं.